चादर कोणी धरली होती?

कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कुणी निवडण-टिपण करत, कुणी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन. हातातलं काम चालू राहू दे. कान तेवढे इकडे द्या.

आज सिनेमाचा इतिहास सांगणार आहे, पण मोठमोठ्या गाजलेल्या सिनेमांचा नाही. ज्यांना लोक हसले, ज्यांच्याकडे पैसा नव्हता, ज्यांचा भूत म्हणून आलेला माणूस भूत वाटत नव्हता आणि उडणारा माणूस उडत नव्हता, अशा सिनेमांचा. गंमत अशी आहे की असे पडके-झडके सिनेमे काढणाऱ्या माणसांवर नंतर दुसऱ्यांनी चांगले सिनेमे काढले. त्यांना चरित्रपट म्हणतात. म्हणजे ज्याचा सिनेमा कुणी धड पाहिला नाही, त्याच्या आयुष्याचा सिनेमा लोकांनी तिकीट काढून पाहिला.

अशा तीन माणसांच्या गोष्टी सांगते. एक मालेगावचा, एक अमेरिकेतला आणि एक त्र्यंबकेश्वरचा. ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा. आपल्या गटाचं खातं लिहिताना आपण विचारतो ना, कुणी किती घातले, कुणाचं नाव राहिलं? तोच प्रश्न सिनेमालाही विचारायचा.

सायकलवरचे डाकू

नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. आपल्या सोलापूरला चादरी-टॉवेलांच्या मागांचा खडखडाट ज्यांनी ऐकलाय, त्यांना मालेगावची कल्पना लगेच येईल. दिवसपाळी, रातपाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, छातीत जाणारा कापसाचा धूळ-कण आणि आठवड्याच्या शेवटी हातात पडणारी मजुरी. मालेगावात मागांना शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी पुरुष मंडळी थेटरात, नाहीतर व्हिडिओ पार्लरमध्ये गर्दी करायची. व्हिडिओ पार्लर म्हणजे एक खोली, टीव्ही, व्हीसीआर आणि दाटीवाटीने बसलेली माणसं. तिकीट अगदी स्वस्त.

असंच एक व्हिडिओ पार्लर नासिर शेख नावाचा तरुण चालवायचा. लग्नाच्या शूटिंगची कामंही तो करायचा. पार्लरमध्ये दुसऱ्यांचे सिनेमे लावता लावता त्याला वाटलं, आपणच एक काढला तर? पैसा नाही, शिक्षण नाही, मुंबईत ओळख नाही. मग त्याने काय केलं? सगळ्यांना पाठ असलेला 'शोले' घेतला आणि त्याची मालेगावी नक्कल काढली. २००० च्या सुमाराला 'मालेगाव के शोले' तयार झाला. खर्च साधारण ५० हजार रुपये. मूळ 'शोले' १९७५ चा. तो त्या काळातला फार मोठ्या खर्चाचा सिनेमा होता. त्याच्या एका दिवसाच्या शूटिंगला लागला असेल त्याहून कमी पैशात मालेगावकरांनी अख्खा सिनेमा उरकला असणार.

कसा उरकला ते ऐका. डाकूंना घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले. कॅमेरा पुढे-मागे सरकवायला रुळांवरची गाडी लागते, तीही सायकलनेच भागवली. कॅमेरा उंच न्यायला क्रेन लागते, तिथे बैलगाडी आली. नट सगळे गावातले. जो ज्याच्यासारखा दिसेल त्याला ते काम. मागावर काम करणारे, दुकानात बसणारे, चहा विकणारे. बोलणं सगळं मालेगावच्या बोलीतलं आणि विनोद मालेगावच्या वीज जाण्यावर, गटारांवर, कर्जावर.

सिनेमाच्या मापाने मोजलं तर हे काम कच्चंच म्हणायचं. चित्र हलतं, आवाज मध्येच बारीक होतो, मारामारीत बुक्की लागायच्या आधीच माणूस पडतो. पण मालेगावात तो सिनेमा तुफान चालला. मागावरचा माणूस पडद्यावर आपल्याच गल्लीला पाहत होता. 'हा तर आपला अमक्याचा पोरगा!' असं म्हणत हसण्यात जी मजा आहे, ती परक्या गोऱ्यागोमट्या हिरोला पाहण्यात कुठून येणार? एरवी मालेगावचं नाव बातम्यांत यायचं ते दंगलींमुळे, २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. या सिनेमांनी ते नाव लोकांच्या तोंडी हसत यायला लावलं.

मालेगावचा सुपरमॅन

पुढे नासिरने 'सुपरमॅन'ची नक्कल काढायची ठरवली. सुपरमॅन म्हणजे अमेरिकेतला आकाशात उडणारा पैलवान गडी. मालेगावच्या सुपरमॅनचं काम मिळालं शफीक शेख या मागावरच्या कामगाराला. अंगाने अगदी किडकिडीत. निळा अंगरखा, पाठीवर लाल कापड आणि बाहेर लोंबणारी चड्डीची नाडी. हा सुपरमॅन लढतो कुणाशी? गुटखा-तंबाखूशी आणि गावातल्या घाणीशी. उडतानाच्या दृश्यासाठी मागे हिरवं कापड धरायचं, पुढे शफीकला आडवं करायचं आणि नंतर संगणकावर हिरव्याच्या जागी आकाश भरायचं. एकदा तर शूटिंग चालू असताना कॅमेराच पाण्यात पडला. एकच कॅमेरा, तोही गेला! तरी काम थांबलं नाही.

ही सगळी धडपड चालू असताना फैजा अहमद खान नावाची एक तरुण दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन मालेगावात आली आणि सिनेमा काढणाऱ्यांचाच सिनेमा तिने काढला. तो माहितीपट म्हणजे 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. २००८ मध्ये तो पुरा झाला, जगभर फिरला आणि २०१२ मध्ये आपल्याकडच्या थेटरांत लागला. तो पाहताना माणूस पोट धरून हसतो आणि मधूनच गप्प होतो. सिनेमाच्या मधेच शफीकचं लग्न ठरतं, त्या धांदलीतही तो शूटिंगला येतो. लेखक फरोग जाफरी मुंबईला जायचं स्वप्न उराशी धरून बसलेला दिसतो.

त्यानंतर याच मंडळींवर मोठा हिंदी सिनेमा आला, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. २०२४ मध्ये परदेशातल्या महोत्सवात दाखवला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे प्रदर्शित झाला. दिग्दर्शन रीमा कागती यांचं. नासिरचं काम आदर्श गौरव यांनी केलं आहे, शफीकचं शशांक अरोरा यांनी आणि फरोगचं विनीत कुमार सिंह यांनी.

आता चरित्रपट आणि खरं आयुष्य यांतला फरक बघा. मोठ्या सिनेमात शफीकचा आजार कळतो आणि त्याच्यासाठी म्हणून मित्र रुसवे विसरून सुपरमॅन काढतात. गोष्ट म्हणून ते डोळ्यांत पाणी आणतं. पण २००८ च्या माहितीपटात दिसतो तो शफीक लग्नाच्या गडबडीतला, हसरा, उडायला उत्सुक असलेला पोरगा. २०११ मध्ये तो तोंडाच्या कॅन्सरने गेला. पडद्यावर गुटख्याशी लढला आणि तोंडाच्याच कॅन्सरने गेला. कुणी लेखकाने हे रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जास्तच झालं.

इथे क्षणभर थांबते, कारण ही गोष्ट आपल्या दारातली आहे. सोलापूरला जाताना लागणाऱ्या कुंभारीत विडी कामगार बायकांची हजारो घरांची वसाहत आहे. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या बायका आपल्यातच आहेत. मिश्री लावणाऱ्या तर घरोघरी आहेत. 'आम्ही कुठं तंबाखू खातो, आम्ही तर दात घासतो,' असं म्हणत आपण ती दिवसातून चार वेळा लावतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं मोठं उघडेना झालं, तिखट लागून आग व्हायला लागली, तर सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या. लवकर कळलं तर उपचार होतो. शफीकच्या गोष्टीतून एवढं घेतलं तरी पुष्कळ.

मालेगावच्या सिनेमात बाई कुठे होती?

आता आपला प्रश्न. मालेगावच्या या सिनेमांत बायका कुठे होत्या? पडद्यावर काम करायला गावातल्या मुली मिळत नव्हत्या. घरचे सोडत नसत, लोक नावं ठेवत. मग नायिका बाहेरगावाहून आणायची, तिला पैसे द्यायचे आणि तिच्या वाट्याचं काम झटपट उरकायचं. नट फुकट काम करायचे, कारण त्यांना हौस होती आणि गावात मान मिळत होता. बाहेरून येणाऱ्या बाईसाठी ते रोजीरोटीचं काम होतं. लोक तिच्याकडे कसे बघत असतील, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तमाशातल्या, आर्केस्ट्रातल्या बाईकडे गाव कसं बघतं ते आपण बघतोच.

पाहायला बसलेल्यांतही बायका नव्हत्याच म्हणा. व्हिडिओ पार्लर ही पुरुषांची जागा.

आणि घरातल्या? मागावरचा माणूस शूटिंगला गेला म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मजुरी बुडाली त्या दिवशी घरात पीठ कुठून आलं? नवऱ्याच्या डोक्यात सिनेमा शिरल्यावर डोक्यावरचं कर्ज कुणी झेललं? मोठ्या सिनेमात नासिरची बायको आहे, एक नटीही आहे. ते नटीचं काम आपल्या मराठी मंजिरी पुपाला यांनी केलंय. म्हणजे सिनेमा काढणाऱ्यांना जाणीव होती की या गोष्टीत बाई हवी. तरी नाव बघा, 'सुपरबॉइज'. गोष्ट पोरांचीच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मालेगावच्या या पोरांना जगापुढे नेलं कुणी? माहितीपट काढणारी फैजा अहमद खान, मोठा सिनेमा काढणारी रीमा कागती. दोघी बायका. ज्या गावात कॅमेऱ्यापुढे यायला बाई मिळत नव्हती, त्या गावाची गोष्ट कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या बायकांनी सांगितली. पार्लरच्या दारात जिला जागा नव्हती, तिनेच त्या पार्लरचा इतिहास जपला.

जगातला सगळ्यात वाईट दिग्दर्शक

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. वाईट सिनेमा काढणाऱ्यावर चरित्रपट निघाला याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तिथलं आहे. माणसाचं नाव एड वुड.

एड वुडने १९५० च्या दशकात चिरकूट पैशांत भुताखेतांचे, परग्रहावरच्या माणसांचे सिनेमे काढले. त्यातला 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' सगळ्यात प्रसिद्ध. पैसे दिले एका चर्चच्या मंडळींनी. उडत्या तबकड्या दोरीला टांगलेल्या, स्मशानातले थडग्यांचे दगड पुठ्ठ्याचे, एकाच प्रसंगात क्षणात दिवस आणि क्षणात रात्र. बेला लुगोसी नावाच्या म्हाताऱ्या, एके काळी गाजलेल्या नटाचं थोडंसं चित्रण त्याच्याकडे होतं. तेवढ्यात १९५६ मध्ये लुगोसी वारला. मग वुडने काय करावं? ओळखीतल्या दुसऱ्याच एका उंच माणसाला अंगरखा घालून उभं केलं आणि सिनेमाभर त्याला हाताने तोंड झाकून फिरायला लावलं. तो माणूस नट नव्हताच, पाठी-मानेचे उपचार करणारा होता.

वुड १९७८ मध्ये वारला. दारूच्या आहारी गेलेला, भाड्याच्या घरातून बाहेर काढलेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८० मध्ये, एका पुस्तकाने वाचकांच्या मतांवरून त्याचा सिनेमा जगातला सगळ्यात वाईट ठरवला आणि त्याला सगळ्यात वाईट दिग्दर्शक म्हटलं. त्या चेष्टेनेच तो गाजला. लोक हसायला म्हणून सिनेमा बघू लागले, बघता बघता त्याच्यावर जीव लावू लागले. १९९४ मध्ये टिम बर्टन या मोठ्या दिग्दर्शकाने 'एड वुड' काढला. त्यात म्हाताऱ्या लुगोसीचं काम करणाऱ्या नटाला ऑस्कर मिळालं. तरी सिनेमा धंद्यात आपटला! जगातल्या सगळ्यात वाईट दिग्दर्शकावरचा चांगला सिनेमाही चालला नाही, असा हा योग. पुढे अशीच आणखी एक जोडी झाली. २००३ च्या 'द रूम' या हास्यास्पद ठरलेल्या सिनेमाच्या जन्माची गोष्ट २०१७ मध्ये 'द डिझास्टर आर्टिस्ट' म्हणून पडद्यावर आली.

आता तोच प्रश्न इथेही विचारू. वुडच्या गोष्टीत बायका होत्या? होत्या. पहिली डोलोरेस फुलर. ती त्याची मैत्रीण, सुरुवातीच्या सिनेमांची नायिका. चरित्रपटात ती दिसते ती कंटाळून निघून जाणारी, कुरकुर करणारी बाई म्हणून. पुढे हीच डोलोरेस गाणी लिहू लागली आणि एल्विस प्रेस्ली या अमेरिकेतल्या सगळ्यात लाडक्या गायकाने तिची गाणी गायली. वुडला जे आयुष्यभर मिळालं नाही ते यश तिने मिळवलं. आपलं चित्र बरोबर रंगवलं नाही, अशी तिची तक्रार होती, आणि मला ती रास्त वाटते.

दुसरी त्याची बायको, कॅथी. चरित्रपट संपतो तो मोठ्या झोकात. 'प्लॅन नाइन'चा पहिला खेळ, टाळ्या, आणि वुड कॅथीला घेऊन लग्न करायला निघतो. पडदा पडतो. पण आयुष्य तिथून पुढे वीस वर्षं चाललं. दारू, उधारी, घर बदलणं, शेवटी रस्त्यावर येणं. ती सगळी वर्षं कॅथीने काढली. पडद्यावर ती शेवटच्या ओळींतल्या चार शब्दांत उरकली. टाळ्यांपर्यंतची गोष्ट नवऱ्याची आणि टाळ्या थांबल्यावरची बायकोची, हे आपल्यातल्या कितीजणींना ओळखीचं वाटेल!

हरिश्चंद्राची फॅक्टरी

आता परत नाशिक जिल्ह्यात येऊ. ज्या जिल्ह्यात मालेगाव, त्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर. तिथे ३० एप्रिल १८७० ला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणतो. त्यांचा सिनेमा वाईट नव्हता, तो तर आपल्या देशाच्या सिनेमाचा पाया. पण तो काढताना त्यांची अवस्था मालेगावच्या नासिरसारखीच होती. पैसा नाही, माणसं नाहीत, आणि लोक म्हणायचे, याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

१९११ मध्ये मुंबईत तंबूतल्या पडद्यावर त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. ख्रिस्त असा दिसतो, तर आपला राम, आपला कृष्ण का नाही दिसणार? हे वेड शिरलं. रात्रंदिवस सिनेमे बघून, प्रयोग करून डोळे जायची वेळ आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, काम शिकले, कॅमेरा घेऊन आले. पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब वाढताना रोज थोडं थोडं चित्र घेतलं. पडद्यावर वेल डोळ्यांदेखत सरसर वाढली. ते बघून पैसे द्यायला माणूस तयार झाला. तरी पुरेना. मग सरस्वतीबाईंचे दागिने निघाले.

या सरस्वतीबाई म्हणजे दादासाहेबांची पत्नी. 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थेटरात लागला. तयार व्हायला ६ महिने २७ दिवस लागले. हे आकडे पाठ्यपुस्तकांत, परीक्षांत असतात. त्या दिवसांत सरस्वतीबाई काय करत होत्या, ते परीक्षेत कुणी विचारत नाही. म्हणून इथे सांगते.

परदेशातून येणाऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडलेली नसत. ती भोकं अंधारात बसून पाडावी लागत. एक भोक चुकलं तर फिल्म कॅमेऱ्यात अडकणार. ते काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, हेही त्या शिकल्या. सिनेमातली साठ-सत्तर माणसं दादरच्या त्यांच्या घरीच राहायची. त्या सगळ्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. लेकरं लहान. आणि शूटिंगच्या वेळी? तेव्हा दिवे नव्हते, सगळं उन्हावर. ऊन नटाच्या तोंडावर नीट पडावं म्हणून पांढऱ्या चादरी धरून कुणीतरी उभं राहावं लागायचं. तासन् तास भर उन्हात त्या चादरी धरून सरस्वतीबाई उभ्या राहायच्या.

मैत्रिणींनो, चादर म्हटलं की सोलापूर. आपण चादरी विणतो, शिवतो, धुतो, विकतो. भारताच्या पहिल्या मोठ्या सिनेमाला प्रकाश दिला तो एका बाईने धरलेल्या चादरीने, हे आपल्याला माहीत असायला हवं.

त्या सिनेमात बाई कॅमेऱ्यापुढे मात्र नव्हती. मालेगावची जी अडचण २००० साली, तीच दादासाहेबांची १९१२ साली. जाहिराती दिल्या, कोठ्यांवर जाऊन विचारलं. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू जाणं, म्हणून कुणी बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा पोरगा सापडला. तो तारामती झाला. आणखी गंमत म्हणजे बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार होईनात. वडील जिवंत असताना मिशी कशी काढायची? त्यांना समजावता समजावता दादासाहेब थकले. आज तो सिनेमा पाहिला तर ओल्या लुगड्यांतले ते बाप्ये बघून हसू येतं. हसा, काही बिघडत नाही. पण हसताना हेही आठवा की तिथे बाई नव्हती, कारण बाईला यायची मुभा नव्हती.

ही भिंत फार दिवस टिकली नाही. दादासाहेबांच्या पुढच्याच सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दोन बायका उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कोवळी लेक कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या, नाटक कंपनीत काम करून लेकीला वाढवत होत्या. लोकांनी नावं ठेवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं, मग पडद्याला कशाला भ्यायचं? आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, नट विक्रम गोखले यांच्या आजी.

दादासाहेबांवर २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी सिनेमा काढला. भारताकडून तो ऑस्करला पाठवला गेला. नंदू माधव दादासाहेब झाले आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. नावामागेही गोष्ट आहे. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक तोंड फिरवायचे, म्हणून नटांनी सांगायचं, 'आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत.' तलवारी, पोशाख घेऊन ही मंडळी वांगणीला बाहेरचं शूटिंग करायला गेली, तर गावाला वाटलं दरोडेखोर आले!

हा चरित्रपट मला बाकीच्या दोन्हींपेक्षा जवळचा वाटतो, याचं कारण त्यात सरस्वतीबाई नुसत्या चहा देणाऱ्या नाहीत. त्या विचारतात, हसतात, शिकतात, फिल्म हाताळतात. सगळं सांगितलंय असं नाही. हा सिनेमा पहिल्या यशाच्या दिवसांपाशी थांबतो. पुढे भागीदारांशी भांडणं झाली, दादासाहेब सगळं सोडून काशीला गेले, परत आले, मूकपट संपून बोलपट आला, पैसा गेला. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला वारले तेव्हा हात रिकामे होते. ते दिवस इथेही पडद्याबाहेरच राहिले.

१९६९ पासून सरकार सिनेमातला सगळ्यात मोठा पुरस्कार दादासाहेबांच्या नावाने देतं. योग्यच आहे. सरस्वतीबाईंचं नाव त्यात नाही.

आपल्या वहीत

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सिनेमाचं झालं, आमच्या गटाला याचं काय?

मला यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली कच्च्या कामाबद्दल. नासिरचा सिनेमा कच्चा होता, तो त्याच्याकडे नसलेल्या पैशामुळे. सायकलवर बसलेला डाकू ही चूक नव्हती, घोडा न परवडणाऱ्याने काढलेला तो मार्ग होता. आपल्या गटांनी पहिल्यांदा पापड केले तेव्हा ते भाजताना तुटले असतील, पहिल्या मसाल्याच्या पाकिटावरची चिठ्ठी वाकडी लागली असेल, पहिल्या सभेचा ठराव चार ओळींत आणि दहा खाडाखोडींत लिहिला असेल. त्याला हसणारे भेटतातच. ती पहिली वही, ते पहिलं पाकीट फेकू नका. तुमची सुरुवात किती कमी सामानावर झाली, ते पुढे त्यावरूनच कळणार आहे.

दुसरी गोष्ट नावांची. वुडच्या, मालेगावच्या, दादासाहेबांच्या, तिन्ही गोष्टी आपल्याला कळल्या, कारण कुणीतरी विचारलं, लिहिलं, कॅमेरा घेऊन गेलं. सरस्वतीबाईंच्या चादरीची आठवण कुणीतरी सांगितली म्हणून ती राहिली. ज्यांची कुणी सांगितली नाही त्या गेल्या. मालेगावातल्या त्या नायिकांची नावं आज किती जणांना आठवतात?

आपल्या गटांतही असंच होतं. कर्ज मिळालं की अध्यक्ष-सचिवांचा फोटो निघतो. ज्या बाईने आपलं मंगळसूत्र गहाण ठेवून पहिल्या महिन्याची बचत भरली, जिने बँकेत चार खेटे घातले, जिने सभेला जागा म्हणून आपली पडवी दिली आणि वर चहाही केला, तिचं नाव ठरावात नसतं. घरातल्या सासूबाईंनी लेकरं सांभाळली म्हणून सून सभेला येऊ शकली, हे तर कुठेच नसतं.

म्हणून पुढच्या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. हिशेबाच्या वहीची शेवटची पाच पानं कोरी सोडा. त्यावर गटाचा इतिहास लिहायला घ्या. कधी सुरू झाला, किती जणी होत्या, पहिली बचत किती रुपयांची. आणि प्रत्येकीच्या नावापुढे एकच ओळ, तिने काय केलं. जिला लिहिता येत नाही तिने सांगायचं, मुलीने लिहायचं. ज्या वारल्या, ज्या लग्न होऊन गेल्या, ज्या भांडून गट सोडून गेल्या, त्यांचीही नावं लिहायची. भांडून गेलेलीने एके काळी हप्ता भरलेलाच असतो.

शाळेत किंवा समाजमंदिरात पडदा लावायची सोय होत असेल तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' सगळ्यांनी मिळून बघा, लेकींना आणि सुनांनाही घेऊन. सरस्वतीबाई पडद्यावर आल्या की कुणाकुणाची आठवण येते, ते सिनेमा संपल्यावर एकमेकींना सांगा. आणि घरी जायच्या आधी ती नावं वहीत उतरवून ठेवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.